दहावीची इंग्रजी उजळणी: कविता, गोष्ट आणि ग्रामर एकाच तासाला

नमस्कार मंडळी. इथे बसलेले बहुतेक सगळे मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवणारे आहात, बी.एड. करणारी काही मुलंमुलीही दिसतायत, त्यामुळे इंग्रजीचं महत्त्व वगैरे मी सांगत बसत नाही, सरळ मुद्द्यावर येते.

आपल्याकडे पोर्शन साधारण डिसेंबरात संपतो, मग प्रिलिम, मग उजळणी. उजळणीचं टाइमटेबल बघा कसं असतं, सोमवारी ग्रामर, मंगळवारी पोएम्स, बुधवारी धडे, गुरुवारी लेटर आणि रिपोर्ट. ग्रामरच्या दिवशी फळ्यावर टेन्सचा तक्ता, व्हॉइसचा तक्ता, खाली सुटी सुटी वाक्यं, राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो. पोएमच्या दिवशी टायटल, पोएट, राइम स्कीम, फिगर ऑफ स्पीच, थीम, एवढे पॉइंट वहीत उतरवून घ्यायचे आणि पाठ करायचे. धड्याच्या दिवशी समरी. शिक्षक घसा कोरडा पडेपर्यंत बोलतात, मुलं मान खाली घालून उतरवतात, कष्टात कुणीच कमी पडत नाही. आणि तरी मार्चमध्ये पेपरात एक अनोळखी उतारा येतो, त्यातलंच एक वाक्य देऊन इनडायरेक्ट करा म्हणतात, आणि मूल अडतं, कारण त्यानं ते आजवर फक्त राम, सीता आणि आंब्याच्या वाक्यांवर केलेलं असतं, कुठल्या माणसानं कुठल्या माणसाला खरंच काहीतरी म्हटलंय अशा ठिकाणी केलेलंच नसतं.

२००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीच्या बाकावर बसलेलं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. त्याच्याकडे बरंच काही आहे, पण सगळं सुटं सुटं पडलंय. उजळणीत ते जोडून द्यायचं असतं असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणून आज एकच आग्रह धरणार आहे की हे वार काढून टाका. एक कविता किंवा एक गोष्ट घ्या आणि त्या दोन-तीन तासांत साहित्य पण तिथंच, ग्रामर पण तिथंच.

सुरुवात पुस्तक मिटून करायची. कवितेचं नाव फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटं मुलांना म्हणा, आठवतंय ते लिही, एखादी ओळ, एखादा शब्द, मराठीत लिहिलंस तरी चालेल. वर्गात पहिल्यांदा चुळबुळ होते, अर्ध्यांचे कागद कोरे राहतात, आपल्यालाही वाटतं वेळ वाया चाललाय. पण तसं नसतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, एका गटानं एक उतारा चार वेळच्या वाचनांत वाचला, दुसऱ्या गटानं एकाच वेळी वाचला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो, महिना-दीड महिन्यानं असतो. म्हणून ते कोरे कागद मला महत्त्वाचे वाटतात, कारण आठवायची धडपड झाल्यावर पुस्तक उघडलं की मूल शोधत वाचतं, नुसतं डोळे फिरवत नाही.

आता प्रत्यक्ष कविता घेऊ. पाठ्यपुस्तकं बदलत राहतात, म्हणून मी बहुतेकांना माहीत असलेली घेते, रॉबर्ट फ्रॉस्टची, स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग, ज्यात एक माणूस वाटेत घोडा थांबवून बर्फानं भरत चाललेलं रान बघत राहतो ती. फ्रॉस्टनं ती १९२२ च्या जूनमध्ये लिहिली, रात्रभर एका दुसऱ्या मोठ्या कवितेवर काम करून पहाटे, आणि १९२३ मध्ये ती छापून आली. बर्फाची कविता, भर जूनमध्ये. हे मुलांना सांगा, त्यांना आवडतं. शेवटच्या ओळी नेहरूंनी स्वतःच्या हातानं लिहून जवळ ठेवल्या होत्या हेही सांगा, पण तिथं थांबू नका, कारण बऱ्याच वर्गांत कवितेबद्दल तेवढंच सांगून होतं.

राइम स्कीम. गाइडमध्ये छापलेलं असतं ए ए बी ए, मूल पाठ करतं, पुढच्या कवितेला पण तेच लिहून येतं. त्याऐवजी पहिलं कडवं मोठ्यानं वाचा आणि मुलांना फक्त शेवटचे शब्द ऐकायला सांगा. नो, दो, हिअर, स्नो. यातला 'नो' आणि 'दो' डोळ्यांनी बघितले तर स्पेलिंग इतकी वेगळी की कुणाला यमक वाटणार नाही, ते कानालाच कळतं. मग विचारा, या 'हिअर'चं काय झालं, तो एकटा का पडलाय? दुसरं कडवं वाचा, क्विअर, निअर, लेक, यिअर. एखादी मुलगी ओरडतेच, मॅडम, तो 'हिअर' इथं आला! मग 'लेक' एकटा पडला, तो तिसऱ्या कडव्यात शेक, मिस्टेक, फ्लेक होऊन येतो, तिथं 'स्वीप' एकटा, आणि शेवटच्या कडव्यात डीप, कीप, स्लीप, स्लीप, कुणीच एकटं नाही. प्रत्येक कडवं पुढच्याचा हात धरून आणतं आणि शेवटी सगळे एका आवाजात थांबतात. हे मुलानं एकदा स्वतः शोधलं की त्याला राइम स्कीम पाठ करायची गरज उरत नाही, कुठलीही अनसीन कविता द्या, तो आधी शेवटचे शब्द ऐकेल.

छंदाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण हे आपण बहुतेक वेळा सोडून देतो, पोरांना झेपणार नाही म्हणून. आपल्या मुलांना लघु-गुरू माहितीये, मराठीच्या तासाला वृत्तं झालेली असतात. शिवतांडव स्तोत्र तर कितीतरी मुलांच्या तोंडात असतं, जटाटवीगलज्जलप्रवाहपावितस्थले. हे पंचचामर वृत्त, लघु गुरू लघु गुरू असं सोळा अक्षरं. त्याचं अर्धं केलं, आठ अक्षरं, की प्रमाणिका वृत्त होतं. आता फ्रॉस्टची पहिली ओळ घ्या, हूज वुड्स दीज आर आय थिंक आय नो, मोजा, आठ सिलॅबल्स, एक हलका एक जड, एक हलका एक जड, चार जोड्या. इंग्रजीत याला आयँबिक टेट्रामीटर म्हणतात. फरक इतकाच, आणि हा सांगायलाच हवा, की आपल्याकडे उच्चाराला लागणारा वेळ मोजतात आणि इंग्रजीत कुठल्या सिलॅबलवर जोर आहे ते बघतात. आपली मुलं इंग्रजी कविता वाचताना प्रत्येक सिलॅबलला सारखा जोर देतात, कारण मराठीत तसंच बोलतो आपण, आणि त्यामुळे कविता सपाट होते. बाकावर बोटानं ठेका धरून चार ओळी म्हणायला लावा, जड जागीच बोट आपटायचं. सगळा वर्ग एकदम करतो तेव्हा शेजारच्या वर्गातून तक्रार येते, पण त्या दिवसानंतर मुलांचं वाचन बदललेलं दिसतं, ओरल टेस्टच्या २० मार्कांनाही त्याचा उपयोग होतो.

आता याच कवितेत ग्रामर. दुसऱ्या कडव्याची सुरुवात, माय लिटल हॉर्स मस्ट थिंक इट क्विअर. मुलांनी 'मस्ट' शिकलेलं असतं सक्तीचं, यू मस्ट वेअर युनिफॉर्म. तोच अर्थ इथं लावून बघायला सांगा. घोड्यानं विचित्र वाटून घेतलंच पाहिजे? वर्ग हसतो, आणि हसला म्हणजे त्यांना कळलं की इथं काहीतरी वेगळं आहे. घोड्याला विचित्र वाटत असणार, असा अंदाज. मॉडल ऑक्झिलरीचं हे दुसरं काम तक्त्यात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात राहत नाही, घोड्यामुळे राहतं. पुढे तोच घोडा घुंगरं हलवतो, टू आस्क इफ देअर इज सम मिस्टेक. काही चुकलं का, असं विचारायला. हे इनडायरेक्ट क्वेश्चन आहे. मुलांना सांगा, घोड्याला बोलता आलं असतं तर त्यानं डायरेक्ट काय विचारलं असतं ते लिही. इज देअर सम मिस्टेक? बघा, 'इफ' कुठून आला, 'इज' आणि 'देअर' यांनी जागा का बदलल्या, सगळं त्या एका ओळीत. आणि घोडा विचारतोय म्हणजे पर्सॉनिफिकेशन पण झालं, ज्याला आपण मराठीत चेतनगुणोक्ती म्हणतो. उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, हे सगळं मुलं मराठीच्या तासाला शिकून आलेली असतात आणि इंग्रजीच्या तासाला पुन्हा नवं असल्यासारखं पाठ करतात. मराठीच्या सरांशी बोलून दोघांनी एकाच आठवड्यात अलंकार घेतले तर किती सोपं होईल.

पंक्चुएशनबद्दल एक घडलेली गोष्ट आहे ती जरूर सांगा. फ्रॉस्टनं लिहिलं होतं, द वुड्स आर लव्हली, डार्क अँड डीप. कॉमा एकच, 'लव्हली'च्या पुढे. फ्रॉस्ट १९६३ मध्ये गेला, आणि १९६९ साली त्याच्या कविता संपादित करून छापल्या तेव्हा संपादकानं 'डार्क'च्या पुढेही एक कॉमा टाकला. यावरून अभ्यासकांमध्ये वाद झाला. का? कारण दोन कॉमा असले की तीन वेगळी विशेषणं झाली, रान सुंदर आहे, काळोखं आहे, खोल आहे. एकच असला की असंही वाचता येतं, रान सुंदर आहे, कारण ते काळोखं आणि खोल आहे. एका कॉमानं माणूस त्या रानाकडे का ओढला जातोय याचा अर्थ बदलतो. वर्गात दोन गट करा, प्रत्येकानं आपापला कॉमा घेऊन भांडायचं. जे मूल एरवी पंक्चुएटचा प्रश्न अर्ध्या मार्काचा म्हणून सोडून देतं तेही यात उतरतं. मला स्वतःला फ्रॉस्टचाच कॉमा बरोबर वाटतो, पण मुलांना आधी सांगू नका.

गद्यासाठी ओ. हेन्रीची आफ्टर ट्वेंटी इयर्स घ्या. १९०६ च्या द फोर मिलियन या संग्रहात आहे, छोटी आहे, आणि उजळणीसाठी याहून चांगली गोष्ट मला तरी सुचत नाही, कारण ती दुसऱ्यांदा वाचायलाच लिहिल्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये रात्री दहाच्या सुमारास एक पोलीस गस्त घालतोय, एका बंद दुकानाच्या दारात बॉब नावाचा एक माणूस सिगार घेऊन उभा आहे. वीस वर्षांपूर्वी त्यानं आणि जिमी नावाच्या मित्रानं ठरवलेलं असतं की याच जागी भेटायचं. पोलीस दोन शब्द बोलून जातो, मग एक उंच माणूस जिमी म्हणून येतो, आणि उजेडात गेल्यावर कळतं की तो जिमी नाही, साध्या वेशातला पोलीस आहे. बॉबला अटक होते, आणि शेवटच्या चिठ्ठीतून कळतं की तो पहिला पोलीसच जिमी होता. काडी पेटली तेव्हा त्यानं ओळखलं, शिकागोला हवा असलेला माणूस हाच, पण स्वतःच्या हातानं पकडवेना.

शेवट माहीत असताना पुन्हा वाचायची, हीच उजळणी. आता प्रत्येक मुलानं पेन्सिल घेऊन खुणा करायच्या, लेखकानं आधीच कुठं कुठं सांगून ठेवलं होतं? पोलीस जाता जाता विचारतो, बरोबर वेळेवरच निघून जाणार का? आपण पहिल्या वाचनात सहज चौकशी समजलो होतो. तो काडीचा उजेड, भुवईजवळचा छोटा पांढरा व्रण, टायपिनमधला हिरा. आणि पहिलंच वाक्य बघा, द पोलीसमन ऑन द बीट. आर्टिकलचा नियम आपण शिकवतो, पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', पुन्हा आला की 'द'. दारातला माणूस तसाच येतो, आधी 'अ मॅन', नंतर 'द मॅन'. मग पोलीस पहिल्याच वाक्यात 'द' का? कारण तो त्या भागाचा ठरलेला गस्तवाला आहे, बीटमुळे तो निश्चित झाला. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे हा विषय आपल्या मुलांना कधीच नैसर्गिक वाटत नाही, गाळलेल्या जागा भरायला देऊन तर अजिबातच नाही. पण एका माणसाला 'अ' आणि दुसऱ्याला 'द' का दिला यावर बोललं की काहीतरी पकड येते.

या गोष्टीतलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य तो उंच माणूस म्हणतो, यू'व्ह बीन अंडर अरेस्ट फॉर टेन मिनिट्स, सिल्की बॉब. हे वाक्य मुलांना आधी इंग्रजीत देऊ नका. मराठीत सांगा, तू दहा मिनिटांपासून अटकेत आहेस, आणि इंग्रजी करायला सांगा. जवळजवळ सगळा वर्ग लिहितो, यू आर अंडर अरेस्ट सिन्स टेन मिनिट्स. यात मुलांचा दोष नाही, मराठी असंच चालतं, काम अजून सुरू आहे म्हणून आपण वर्तमानकाळ वापरतो आणि 'पासून' लावतो. मी पाच वर्षांपासून इथं राहतो. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आतापर्यंत चालू असलेल्याला प्रेझेंट परफेक्ट लागतो, आणि दहा मिनिटं हा कालावधी आहे म्हणून 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगितला असता, दहा वाजल्यापासून, तर 'सिन्स'. मुलांनी स्वतःचं वाक्य आणि ओ. हेन्रीचं वाक्य एकाखाली एक लिहून फरक बघायचा. मग त्यांना विचारा, दहा मिनिटं म्हणजे कुठपासून? ते दोघं हातात हात घालून गप्पा मारत रस्त्यानं चालत होते तेव्हाच बॉबला अटक झालेली होती, त्याला माहीत नव्हतं इतकंच. हा काळ समजल्याशिवाय त्या वाक्याची धार कळतच नाही. टेन्सच्या तक्त्याला मी नावं ठेवत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री तो एका पानावर हवाच, पण तक्त्यातून हे कळणार नाही.

इनडायरेक्ट स्पीच पण इथंच घ्या. आपण मराठीत म्हणतो, तो म्हणाला की मी येईन. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, काळ बदलत नाही, बऱ्याचदा 'मी'सुद्धा बदलत नाही. म्हणून मुलं ही सेड दॅट आय विल कम लिहितात. बॉब पोलिसाला सांगतो की आम्ही त्या रात्री ठरवलं, वी वुड मीट हिअर अगेन, परिस्थिती कशीही असो. इथं 'वुड' आहे, पुढे 'माइट' आहे. मुलांना उलटं काम द्या, वीस वर्षांपूर्वी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर हे दोघं नेमकं काय बोलले असतील ते संवादाच्या रूपात लिहा. वी विल मीट हिअर. 'वुड'चा 'विल' होतो, 'माइट'चा 'मे'. नियम तोच, पण इनडायरेक्टकडून डायरेक्टकडे जाताना मुलांना दोन तरुण मित्र दिसतात, आणि लिहायला मजा येते. मग तेच पेपर अदलाबदल करून शेजाऱ्यानं पुन्हा इनडायरेक्ट करायचं.

व्हॉइसचं एवढंच सांगते की मराठीतला 'ने' बघून बाय लावायची सवय तोडा. मुलानं आंबा खाल्ला हा मराठीत कर्मणी प्रयोग, पण इंग्रजीत तो साधा ॲक्टिव्ह. हे दोन नियम वेगळे आहेत असं एकदा स्पष्ट सांगितलं की निम्म्या चुका कमी होतात.

आता नेहमी येणारा प्रश्न, मार्कांचं काय? ८० मार्कांच्या पेपरात भाषेचे बरेचसे छोटे प्रश्न उताऱ्यातल्या वाक्यांवरच येतात, उतारा आधी समजावा लागतो. कवितेच्या ॲप्रिसिएशनला पॉइंट ठरलेले असतात ते खरं, पण ज्यानं 'हिअर' कुठं गेला ते शोधलंय तो राइम स्कीम चुकवणार नाही, आणि थीम स्वतःच्या तीन वाक्यांत लिहू शकेल. आणि वेळेचं म्हणाल तर कविता दोन तास, गोष्ट तीन तास, तेवढ्यात मॉडल्स, इनडायरेक्ट, आर्टिकल, परफेक्ट टेन्स, पंक्चुएशन, फिगर्स ऑफ स्पीच इतकं होतं. वार लावून हे सगळं करायला याहून जास्तच तास जातात.

शेवटी मागच्या बाकांबद्दल, कारण मगाशी एका मॅडमनी चिठ्ठी पाठवली की आमच्या वर्गात बारा-पंधरा मुलांना इंग्रजी वाक्य वाचताच येत नाही, त्यांनी यात काय करायचं. त्यांना ऐकायचं काम द्या, यमकाचे शब्द पकडायला वाचता यावंच लागत नाही, कधी कधी हीच मुलं आधी पकडतात. गोष्टीचं वाचिक अभिनयासारखं वाचन करा, बॉब, पोलीस, उंच माणूस आणि निवेदक, आणि त्या उंच माणसाचं काम मागच्या बाकाला द्या. त्याच्या वाट्याला वाक्यं थोडी आहेत आणि ते अटकेचं वाक्य त्याचंच आहे. ते देवनागरीत लिहून द्या, चार दिवस आधी द्या, घरी म्हणू द्या. दुसऱ्या फेरीत तेच वाक्य इंग्रजी लिपीत द्या, तोवर त्याला काय म्हणायचंय ते माहीत असतं, त्यामुळे अक्षरं लावून वाचायला तो घाबरत नाही. तिसऱ्या फेरीत टेन मिनिट्सच्या जागी फाइव्ह इयर्स, अंडर अरेस्टच्या जागी इन धिस स्कूल, असं त्याचं त्यानं बदलायचं. आय हॅव बीन इन धिस स्कूल फॉर फाइव्ह इयर्स, हे वाक्य त्याला आलं तर ते ओरलला चालतं, पेपरातल्या पत्रात चालतं, आणि पुढे कुठं नोकरीच्या मुलाखतीतही चालतं. ज्यांना त्या गोष्टीचा वाचनासाठी पाडलेला संवाद हवा असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून झेरॉक्स घेऊन जा.